टोमॅटोची साक्ष

"अहो, तुमच्या खतात टोमॅटो उगवलेत," असे बायकोने गॅलरीतून मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा अंशसाहेबांच्या हातातला चहाचा कप ओठांपासून दोन बोटांवर थांबला. दुसरा कोणताही नवरा अशा वेळी 'वा' म्हणाला असता आणि कप तोंडाला लावून मोकळा झाला असता. अंशसाहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "किती?"

"सात. चारही कुंड्या मिळून. या तर इकडे, कशी तरतरीत आहेत बघा."

"टोमॅटोच कशावरून? मिरची असेल, वांगं असेल. एकाच कुळातली झाडं ती. लहानपणी सारखीच दिसतात."

"पान चुरडून वास घेतला मी. टोमॅटो आणि मिरचीतला फरक मला कळत नसेल, तर गेली वीस वर्षं या घरात तुम्ही काय जेवलात?"

हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि बिनतोड युक्तिवाद दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची अंशसाहेबांना सवय नव्हती. ते गॅलरीत गेले, चष्मा कपाळावर चढवून कुंडीवर वाकले, पुन्हा चष्मा नाकावर आणून वाकले. दोन लांबट पाने, मध्ये कातरलेल्या कडांचे तिसरे बाळपान, दांड्यावर पांढरी लव. टोमॅटोच होता, आणि आपले ओळखपत्र गळ्यात अडकवून उभा होता.

आत खुर्चीवर बसलेल्या आईने मान वळवली. "अरे, उगवलंय तर उगवू दे की. तुझ्या वडिलांनी जन्मभर कुंड्या सांभाळल्या, पण पेरलेलंसुद्धा कधी वर आलं नाही. तुझ्या खतात न पेरलेलं येतंय. तोंड पाडायला काय झालं?"

काय झाले ते आईला समजावून सांगायचे, तर शहराच्या गटारापासून सुरुवात करावी लागली असती, आणि सकाळच्या चहाच्या वेळी हा विषय काढायचा नाही, असा त्या घरात लेखी नसला तरी कडक नियम होता. वाचकांना मात्र ते सांगितलेच पाहिजे.

अंशसाहेब शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात खत विभागाचे प्रमुख होते. पाणी स्वच्छ होऊन नदीला गेले की तळाशी जो काळा, दाट गाळ उरतो, तो पूर्वी गाड्या भरभरून दूरच्या एका खड्ड्यात नेऊन ओतला जाई. त्या गाळात लाकडाचा भुसा मिसळून, त्याचे लांबच लांब ढीग घालून, ते वरचेवर उलटेपालटे करून उत्तम खत होते, हे अंशसाहेबांनी वरिष्ठांना सहा वर्षे सांगितले. सांगितले म्हणण्यापेक्षा वरिष्ठांशी ते सहा वर्षे भांडले म्हणावे. शेवटी वरिष्ठ पटले नाहीत, पण थकले, आणि एक जुनी शेड त्यांना मिळाली. असा ढीग आपला आपण तापतो. पोटात पंचावन्न अंशांच्या वर उष्णता सलग पंधरा दिवस टिकली, की गाळातले सगळे रोगजंतू मरतात. अंशसाहेब हातभर लांबीचा तापमापक घेऊन दिवसातून तीनदा ढिगाच्या पोटात खुपसत आणि आकडा मोठ्याने वाचत. त्यांचे नाव त्यावरूनच पडले होते, आणि त्यांच्या खऱ्या नावाचा उपयोग आता फक्त पगारपत्रकापुरता राहिला होता.

आता टोमॅटोचे. टोमॅटोचे बी ही सृष्टीतली एक अत्यंत चिवट चीज आहे. माणूस ते गिळतो, त्याचे पोट त्याला काही करू शकत नाही. तिथून ते गटारात येते, गटारातून केंद्रात येते, टाक्यांमधून घुसळून निघते, गाळाबरोबर वाळते, आणि इतके सोसूनही, जरा ओल मिळाली की हसतमुखाने उगवते. केंद्राच्या आवारात कुणी न लावता टोमॅटोची झुडपे माजत, त्याचे कारण हेच. हे बी एकाच गोष्टीपुढे हार मानते : पंधरा दिवसांची ती उष्णता. म्हणून या धंद्यात कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी टोमॅटोची साक्ष काढतात. तयार म्हणवणाऱ्या खतात टोमॅटो उगवला, तर तो ढीग पुरता तापलेला नाही, आणि जिथे बी जगले तिथे बाकीची मंडळीही जगली असणार.

नव्वद टनांचा पहिला ढीग अकरा दिवसांपूर्वी पूर्ण झाला होता. तपासनीस बाई येऊन नमुने घेऊन गेल्या होत्या, ढिगावर ताडपत्री घालून दोरीला सील ठोकून गेल्या होत्या, आणि त्यांचा अंतिम निकाल आज होता. ढीग पास झाला तर शेड कायम. नापास झाला तर नव्वदच्या नव्वद टन त्याच जुन्या खड्ड्यात, शेडमध्ये जुने नळ रचून ठेवायचे, आणि अंशसाहेब पुन्हा पंपघरात, जिथे मोजायला फक्त पंप होते, आणि तेही तीन.

"अगं, एक आठव," त्यांनी शक्य तितक्या मऊ आवाजात बायकोला विचारले. "भांडी विसळलेलं पाणी या कुंड्यांत टाकलं होतंस?"

"नाही."

"विळी धुतलेलं? टोमॅटो चिरल्यावर हात झटकलेस, असं काही? अनवधानानं?"

"म्हणजे मी स्वयंपाक करता करता गॅलरीत येऊन हात झटकते, असं म्हणणं आहे का तुमचं?"

"माझं म्हणणं काही नाही. मी फक्त शक्यता तपासतोय."

"दुसऱ्याच्या बायका कुंडीत काही उगवलं तर शाबासकी घेतात. माझी उलटतपासणी." बायको स्वयंपाकघरात गेली. क्षणभराने तिथून आवाज आला, "आणि रोपांना हात लावाल तर याद राखा. पोतं तुम्ही पाठवलंत, पण कुंड्या मी भरल्यात, माझ्या हातांनी."

डबा भरल्याचे आवाज त्यानंतर नेहमीपेक्षा मोठे झाले. अंशसाहेबांनी तो उचलला, तेव्हा तो नेहमीपेक्षा हलका लागला.

केंद्रावर पोचताच ते थेट शेडमध्ये गेले. ढिगाला पलटी देणारे यंत्र चालवणारा गडी, ज्याला सगळे पलटीवाला म्हणत, यंत्राच्या पायरीवर बसून हातमोजे झटकत होता. कमी बोलणे आणि विचारले तेवढेच सांगणे हे त्याचे दोन गुण होते. अंशसाहेबांना ते आजवर फार आवडत आले होते.

घरच्या कुंड्यांचा विषय त्याच्याजवळ काढण्याची अंशसाहेबांना लाज वाटली. सहा वर्षे ज्या ढिगासाठी आपण घसा कोरडा केला, तो आपल्याच गॅलरीत आपल्यावर उलटला, हे हाताखालच्या माणसाला कसे सांगावे? त्यांनी नोंदवही उघडली. पंधरा दिवसांच्या नोंदी ओळीने उभ्या होत्या : अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ. चौदा दिवसांचे अक्षर त्यांचे होते. नवव्या दिवसाचे पलटीवाल्याचे, कारण त्या दिवशी अंशसाहेब दाढ काढायला गेले होते. संशयाला एवढी फट पुरेशी होती. ढिगाचे पोट तापते, पण कातडी थंड राहते. कातडीवरचे सगळे पोटात जावे म्हणूनच पलटी असते, आणि एक पलटी चुकली तर सगळे पंधरा दिवस फुकट.

"नवव्या दिवशी पलटी दिली होतीस?"

"दिली की, साहेब."

"नीट?"

"तिकडे तुमची दाढ काढत होते, तेव्हा इकडे मी ढीग उलटा करत होतो."

"म्हणजे बाहेरचं आत आणि आतलं बाहेर?"

पलटीवाल्याने हातमोजे मांडीवर ठेवले. "साहेब, उलटं करणं म्हणजे दुसरं काय असतं?"

"आणि हा एकोणसाठ अंशांचा आकडा तू स्वतः वाचलास?"

"मोठ्यानं वाचला. तुमच्यासारखा."

यापुढे विचारण्यासारखे काही नव्हते, पण मनाचे समाधान झाले नव्हते. अंशसाहेबांनी कचेरीतून तपासनीस बाईंच्या कार्यालयाला फोन लावला. फोन कारकुनाने उचलला. हा कारकून माणूस म्हणून अत्यंत सज्जन होता, आणि बोलायला कुणी मिळाले नाही तर फोनची वायर पुसत बसे.

"बाई पाच दिवस दौऱ्यावर होत्या, आज येताहेत. साडेबारापर्यंत येतीलच. आल्या आल्या तुमचंच काम आहे. पण साहेब, तुम्ही कशाला काळजी करताय? तुमच्या खताच्या कुंड्या बाईंच्या खिडकीत ठेवल्यात ना, रोज मीच पाणी घालतोय. काय हिरवंगार आलंय म्हणून सांगू."

"हिरवं म्हणजे काय हिरवं?"

"ते आपल्याला काय कळतंय, साहेब? पण वास अगदी टोमॅटोसारखा येतो."

अंशसाहेबांनी फोन ठेवला. घड्याळात अकरा वाजत होते. त्यांनी कागदपत्रांची पिशवी उचलली, डबा त्यातच होता, आणि पलटीवाल्याला गाडी काढायला सांगितली.

"कुठं जायचं?"

"बाईंच्या ऑफिसात. नोंदवही दाखवायची आहे."

"ती तर कचेरीतच राहिली, साहेब. टेबलावर."

"गाडी काढ," अंशसाहेब म्हणाले.

वाटेत ते स्वतःशी कडाक्याचा वाद घालत होते, आणि त्या वादात दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या. एक म्हणत होती की नमुन्याला हात लावणे हा सरळ सरळ गुन्हा आहे. दुसरी म्हणत होती की प्रयोगशाळेने जंतू नसल्याचा दाखला केव्हाच दिलेला आहे, म्हणजे खत निर्दोष आहे. कुठल्यातरी वाट चुकलेल्या चार बियांच्या चिवटपणापायी सहा वर्षांचे काम खड्ड्यात जावे, हा न्याय नव्हे. पहिली बाजू नीतीची होती, दुसरी अक्कलहुशारीची, आणि गाडी कार्यालयाच्या दारात थांबली तेव्हा निकाल लागलेला नव्हता. पण पाय तोवर जिना चढू लागले होते.

"तू त्या कारकुनाशी बोलत बस," त्यांनी पलटीवाल्याला बजावले.

"काय बोलू?"

"काहीही बोल. तू नुसता 'हं' म्हटलंस तरी तो तासभर काढील."

बाईंच्या खोलीत सहा कुंड्या खिडकीच्या कट्ट्यावर रांगेने मांडल्या होत्या. तीनवर ढिगाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती, तीनवर नुसते 'साधी माती' असे होते. आणि अंशसाहेबांनी जे पाहिले त्याने त्यांचे उरलेसुरले अवसान गळाले. त्यांच्या खताच्या प्रत्येक कुंडीत टोमॅटोची रोपे होती, आणि तीही घरच्यासारखी इथे एक तिथे एक नव्हेत, तर एखाददुसरी जागा सोडता पाचापाचांच्या दोन सरळ रांगांत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

शांत डोक्याचा माणूस या शिस्तीपाशी क्षणभर थांबला असता. अंशसाहेबही थांबले, पण त्यांनी त्यातून वेगळेच अनुमान काढले. बिया जर इतक्या समप्रमाणात पसरल्या असतील, तर एका नवव्या दिवसाची गोष्टच नको. ढीग या टोकापासून त्या टोकापर्यंत कच्चा राहिला होता, आणि आपण पंधरा दिवस बहुधा हवेचेच तापमान मोजत होतो. या विचाराने नीतीची बाजू जी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

त्यांनी रोपे उपटायला घेतली. हातात घेतलेले कुठलेही काम ढिसाळपणे करणे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे, प्रत्येक रोप त्यांनी मुळासकट अलगद वर ओढले, मुळाची माती झटकली आणि खड्डा बोटाने सपाट केला. रोपे टाकायची कुठे? टोपलीत टाकली तर दिसतील, खिशात घातली तर शर्टाला डाग. त्यांनी डबा उघडला. बायकोच्या रागामुळे वरचा कप्पा आज रिकामाच होता. त्यात रोपे मावली. शेजारच्या साध्या मातीच्या कुंड्यांतही तशीच रोपे होती, पण त्यांना त्यांनी बोटही लावले नाही. ती माती त्यांची नव्हती, आणि दुसऱ्याच्या कुंडीतले रोप उपटणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

डब्याचे झाकण लागले, आणि दार उघडले.

"अरे वा, तुम्ही आधीच आलात," तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांच्या मागे दारात कारकून होता, आणि त्याच्या मागे पलटीवाला, ज्याच्या चेहऱ्यावर तासाभराचे बोलणे वीस मिनिटांत ऐकल्याचा शीण होता. "बसा. दहावा दिवस आज. तुमच्यासमोरच मोजते, म्हणजे नंतर वाद नको. तुमच्याशी वाद घालायला मला पुढची पाच वर्षं वेळ नाही."

त्यांनी चष्मा लावला, साध्या मातीच्या कुंड्यांपासून सुरुवात केली आणि कागदावर लिहिले : नऊ, आठ, सात. मग त्या पुढच्या कुंडीकडे वळल्या. तिच्याकडे बराच वेळ पाहिले. दुसरीकडे पाहिले. तिसरी उचलून उजेडात धरली.

"शून्य," त्या म्हणाल्या. "शून्य. आणि शून्य."

अंशसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "छान झालं," ते म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "छान कसं?"

"म्हणजे काही उगवलं नाही ना? खत पूर्ण तापलेलं आहे. बी एकही शिल्लक नाही."

"अहो, मी पेरलं होतं," बाई म्हणाल्या. "प्रत्येक कुंडीत दहा. साध्या मातीत तिसापैकी चोवीस आली. तुमच्या खतात एकही नाही. खत मुरलेलं नसलं की ते बियाच मारून टाकतं, हे तुम्हाला मी सांगायचं? अंकुरण चाचणी आहे ही."

कारकून काही बोलण्यासाठी पुढे झाला आणि कुणी विचारत नाही असे पाहून मागे झाला.

"अंकुरण चाचणी नियम चौदाची," अंशसाहेबांच्या तोंडून आपोआप बाहेर पडले. "ती मुळ्याच्या बीवर करायची असते. काचेच्या बशीत, टिपकागदावर."

"मुळ्याचं बी भांडारात नव्हतं. आणि काचेच्या बश्यांतून आमच्याकडे पाहुण्यांना बिस्किटं देतात. पोटनियम दोन : मुळा उपलब्ध नसल्यास कोणत्याही भाजीचं बी, कुंडीत. तुम्हाला पाठ असेल."

तो त्यांना पाठ होता. स्वल्पविरामासकट.

बाईंनी लेखणी उचलली. "लिहिते मग. उगवण शून्य. खत अपक्व. विल्हेवाट..."

"थांबा," अंशसाहेब म्हणाले.

त्यांनी पिशवीतून डबा काढला, टेबलावर ठेवला आणि वरचा कप्पा उघडून बाईंच्या पुढे सरकवला.

"मी जेवून आलेय," बाई म्हणाल्या, आणि मग आत पाहिले. "हे काय?"

"रोपं."

"कुणाची?"

"तुमची."

"माझी रोपं तुमच्या डब्यात काय करताहेत?"

या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला अंशसाहेबांना सात मिनिटे लागली. त्यात माणसाचे आतडे होते, गटार होते, नववा दिवस होता आणि दाढ होती. बाईंनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे खत कच्चं असल्याचा पुरावा म्हणून तुम्ही जो नष्ट केलात, तो खत पक्कं असल्याचा पुरावा होता?"

"नष्ट नाही केला," अंशसाहेब दुखावून म्हणाले. "मुळांसकट जपून ठेवला आहे."

बाईंनी टेबलावर कोरा कागद पसरला आणि एकेक रोप काढून ओळीत मांडायला सुरुवात केली. कारकून दोन पावले पुढे आला. "बाई, मी पाणी घालत होतो रोज. काल संध्याकाळपर्यंत होती सगळी. मी साक्षीला आहे." आपल्याला सांगण्यासारखे काहीतरी अखेर मिळाले, याचा आनंद त्याच्या स्वरात मावत नव्हता.

"अठ्ठावीस," बाई म्हणाल्या. "तिसापैकी अठ्ठावीस. साध्या मातीपेक्षा चारने जास्त. इतका चांगला निकाल मी या खिडकीत पाहिला नव्हता. अर्थात, खिडकीत तो आता नाहीच."

"सत्तावीस," अंशसाहेब म्हणाले.

"काय?"

"हे शेवटचं बघा. याची मान अजून वाकलेली आहे, पानं उघडलेली नाहीत. पोटनियम चारप्रमाणे हे मोजता येत नाही."

दाराशी उभा असलेला पलटीवाला खोकला. हा माणूस हरता हरता जिंकतो आहे आणि जिंकता जिंकता पुन्हा हरायला बघतो आहे, हे त्याला आकडे न कळताही कळले होते.

"बरं, सत्तावीस," बाई म्हणाल्या. "मोजणी कुंडीतच करावी, असं नियमात कुठे आहे का?"

"'दहाव्या दिवशी मोजावी' एवढंच आहे. कुठे ते दिलेलं नाही."

"मग कागदावर मोजली. पण तुम्ही मला एक लेखी द्यायचं : रोपं कुणी, केव्हा आणि का उपटली."

अंशसाहेबांनी जबानी लिहिली. मजकूर दीड पान झाला. डावीकडे समास सोडला होता. 'सदर रोपे मी कोणाच्याही दबावाखाली न येता, केवळ गैरसमजातून, परंतु काळजीपूर्वक उपटली' हे वाक्य बाईंनी दोनदा वाचले. खाली कारकुनाने आणि पलटीवाल्याने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. बाईंनी दाखल्याचा कागद पुढे ओढला, तारीख घातली आणि सहीसाठी लेखणी टेकवली.

"थांबा," अंशसाहेब पुन्हा म्हणाले.

पलटीवाल्याने डोळे मिटून घेतले.

"मला एक सांगितलं पाहिजे," अंशसाहेबांचा आवाज खाली आला होता. "ही रोपं तुम्ही पेरली होतीत. पण आमच्या घरी याच ढिगातलं एक पोतं आहे. दहा दिवसांपूर्वी नेलेलं. त्यात कुणीही काही न पेरता सात टोमॅटो उगवलेत. आज सकाळी मी स्वतः पाहिलेत. तुमची सही झाली तर हे नव्वद टन लोकांच्या परसात जाणार. ते कच्चं असेल तर मला ते चालणार नाही. मग शेड जाऊ दे."

बाईंनी लेखणी उचलली, पण बाजूला ठेवली नाही. चाचणी जिंकलेला माणूस स्वतःहून हरायला निघालेला त्यांनी पूर्वी पाहिला नसावा.

"घरचं पोतं या ढिगातलं नाही, साहेब," मागून पलटीवाला म्हणाला.

सगळे वळले.

"मग कुठलं?"

"तीन नंबरच्या ढिगातलं. तो नुकताच लावला होता, चारच दिवस झाले होते."

"मी तुला तयार खत सांगितलं होतं."

"तयार ढिगाला बाईंनी सील ठोकलं होतं. तुम्हीच म्हणालात, काही झालं तरी सीलला हात लावायचा नाही. आणि तुम्हीच म्हणालात, पोतं आजच्या आज घरी पोचलं पाहिजे, बायको वाट बघतेय. दोन्ही ऐकलं मी."

"अरे, मग हे सकाळी का नाही सांगितलंस? मी तुला तासभर विचारत होतो."

"पोत्याचं कुठं विचारलंत? तुम्ही पलटीचं विचारलंत. पलटी दिली होती."

बाईंनी मान खाली घालून सही केली. ती करताना त्यांचे खांदे हलत होते, म्हणून सही नेहमीपेक्षा जरा वळणदार आली. शिक्का मारून त्यांनी दाखला त्यांच्या हाती दिला.

"शेड राहिली," त्या म्हणाल्या. "सील आजच काढा. आणि घरच्या कुंड्या रिकाम्या करून ते सगळं पोत्यात भरून तीन नंबरच्या ढिगात परत टाका. कुणी त्या खताला हात लावला असेल तर आधी हात धुवा, साबणानं, दोनदा."

संध्याकाळी अंशसाहेब घरी आले ते दाखला खिशात आणि नव्या खताचे पोते खांद्यावर घेऊन. त्यांनी दोघींना सगळी हकीकत सांगितली. बायकोने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिले, मग मोरीत जाऊन ते बराच वेळ धुतले, आणि बाहेर आल्यावर नवऱ्याला जे काही ऐकवले त्याची लांबी जबानीहून अधिक होती. अंशसाहेबांनी ते सगळे मान खाली घालून ऐकले. मग हातमोजे चढवून चारही कुंड्या रिकाम्या केल्या, सात रोपांसकट सारे जुन्या पोत्यात भरून तोंड बांधले आणि कुंड्या धुऊन नवे खत भरले. काळेभोर, मोकळे, बोटांतून चहापुडीसारखे गळणारे खत. त्यांच्या सहा वर्षांचे काम. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचे नाक केव्हाच निवृत्त झाले होते, म्हणून त्यांनी ओंजळभर खत बायकोपुढे धरले.

तिने वास घेतला. पुन्हा घेतला. "याला काहीच वास नाही हो."

"नसतोच. उत्तम खताला फक्त मातीचा वास येतो."

"पहिल्यात कसा दम होता," बायको म्हणाली, आणि आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन पुन्हा एकदा हात धुवायला गेली.

आई खुर्ची ओढत गॅलरीच्या दारापर्यंत आली. तिने चार काळ्याभोर, सपाट, रिकाम्या कुंड्या नीट न्याहाळल्या. "याच्यातही येतील ना रे टोमॅटो? आपले आपण?"

"नाही, आई. तेच तर. यात आपोआप काहीही उगवत नाही. म्हणून तर ते पास झालं."

आईने थोडा विचार केला. "सहा वर्षं साहेबांशी भांडलास," ती म्हणाली, "पंधरा दिवस त्या ढिगाला ताप आलाय का बघत बसलास, आणि शेवटी असं खत केलंस की ज्यात आपलं आपण काही येत नाही."

"आई, त्याचं असं आहे," अंशसाहेबांनी हातमोजे काढून ठेवले आणि घसा साफ केला. "गटारापासून सुरुवात करू या."

"सूनबाई," आई मोरीच्या दिशेने म्हणाली, "तो सांगून होईपर्यंत ते जुनं पोतं जरा दाराआड सरकवून ठेव."